गयाबाई कासारणीची बैठक

आमच्या आणि काकांच्या घरात एकच मातीची भिंत होती. वाटण्या झाल्या तेव्हा मी पाळण्यात होते, त्यामुळे ती भिंत नसलेलं घर मला आठवत नाही. पण भिंत डोळ्यांना होती, कानांना नव्हती. सकाळी आमची अव्वा, म्हणजे आई, भाकरी थापायला बसली की पलीकडून काकूच्या भाकरीची थाप ऐकू यायची, आणि दोघींच्या थापा थोड्या वेळानं एका लयीत यायच्या. काकांना खोकला लागला की अव्वा न विचारता ओवा उकळायला ठेवायची. अप्पा, म्हणजे माझे वडील शिवलिंगअप्पा, अंघोळ करून कपाळाला विभूती लावून पूजेला बसले की पलीकडं त्यांचे धाकटे भाऊ बसवंतकाकाही बसलेत हे पुटपुटण्यावरून कळायचं. काकांची कमल माझ्याहून चार महिन्यांनी मोठी. भिंतीवर बोटानं दोनदा वाजवलं की परसात यायचं, असं आम्हा दोघींचं ठरलेलं होतं. परसात आम्ही काय बोलायचो ते आता विचाराल तर एक वाक्य सांगता येणार नाही. पण दिवस त्याच्यावर चालायचे.

मी चौदा-पंधराची होते त्या दोन वर्षांत दोन गोष्टी बरोबरच आल्या. पाऊस गेला आणि जिल्हा आला. लातूर जिल्हा झाला म्हणून गावात पेढे वाटले गेले, आणि त्याच आठवड्यात नदीतल्या झऱ्यावर घागरींची रांग लागली. घरात दुपारी हुलग्याचं माडगं असायचं, सोबत रेशनची लालसर ज्वारी. त्या ज्वारीची भाकरी थापताना कडा चिरायच्या आणि अव्वाचा जीव कासावीस व्हायचा. माणसं रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला जायची. लातूर एसटीनं तासाभरावर. आधी जिल्ह्याचं काम म्हणजे अख्खा दिवस मोडायचा, आता सकाळी जाऊन दुपारी परत येता यायचं. कचेऱ्या जवळ आल्या तसं भांडण कोर्टात नेणंही लोकांना सोपं वाटायला लागलं. आमच्या गावातून पहिल्यांदा गेलं ते आमचंच.

शेतात आमची सामाईक विहीर होती. वाटणीच्या वेळी आजोबांनी विहिरीच्या काठावर बरोबर मधोमध एक काळा दगड रोवला होता. त्याच्या अलीकडं अप्पांचं, पलीकडं काकांचं, आणि विहीर निम्मी निम्मी. दुष्काळाच्या पहिल्या वर्षी अव्वाचं पोटाचं ऑपरेशन झालं आणि अप्पा महिनाभर लातूरला दवाखान्यात तिच्याजवळ होते. त्या महिन्यात काकांनी विहिरीत आडवा बोअर मारला. खडकातून पाणी लागलं. अप्पा परत आले तर विहिरीत काकांची मोटार, काकांचा पाइप, आणि पाणी काकांच्या वावरात. अप्पा काही बोलले नाहीत. ते रागावले की बोलत नसत.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, भर दुपारी, सगळं गाव रस्त्याच्या कामावर असताना मी अप्पांची भाकरी घेऊन शेतात गेले. अप्पा विहिरीवर होते. हातात पहार होती. तो काळा दगड त्यांनी उपटला होता आणि लोटत लोटत विहिरीच्या पलीकडं, काकांच्या बाजूला नेला होता. जुन्या खड्ड्यात माती भरून ते पायानं दाबत होते. मला बघून थांबले. घामानं विभूती गळून भुवयांवर आली होती.

"भाकर ठेव," ते म्हणाले. "गुमान घरी जा. कुणाला सांगायचं न्हाई."

मी भाकरी ठेवली आणि घरी गेले. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. अप्पांनी खोटं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्या दिवशीही ते खोटं असं काही बोलले नव्हते. ते पुढं आलं. दगडाप्रमाणं अख्खी विहीर आमच्याकडं येत होती. काका ओरडले, अप्पा म्हणाले दगड पहिल्यापासून तिथंच आहे. काकांनी लातूरच्या कोर्टात दावा लावला. मोजणीसाठी जुने कागद हवे होते, आणि ते जुन्या जिल्ह्यातून नव्या जिल्ह्यात अजून पोचायचे होते. तोवर कोर्टानं सांगितलं की आहे ते तसंच ठेवा, कुणीही पाणी उपसायचं नाही. काकांची आणि अप्पांनी मग बसवलेली, दोन्ही मोटारी निघाल्या. भर दुष्काळात आमच्या विहिरीत दोन पुरुष पाणी उभं होतं. वरून वाकून पाहिलं तर त्यात आपला चेहरा दिसायचा, आणि आम्ही दोन्ही घरच्या बायका कोसभर चालून टँकरच्या रांगेत उभ्या राहायचो, एकमेकींकडं पाठ करून. कमलचं लग्न ठरलं होतं, ते पाण्यावाचून पुढं ढकललं. भिंतीवर वाजवणं बंद झालं. एकदा मी वाजवलं, तर पलीकडून काही आलं नाही. काकूची थाप मात्र येत राहिली. ती ऐकू आली की अव्वा आपली भाकरी मुद्दाम हळू थापायची.

तारखांमागून तारखा गेल्या. मग एक दिवस अप्पा मला लातूरला घेऊन गेले. नव्या जिल्ह्याच्या पाट्यांचा रंग अजून ओला असल्यासारखा चमकत होता. डाळीच्या गिरण्यांचा भुसा हवेत होता आणि मला सारख्या शिंका येत होत्या. वकील भले गृहस्थ होते. त्यांनी मला बाकावर बसवून चहा मागवला. अप्पांनी सांगितलं तेवढंच त्यांना माहीत होतं.

"तू रोज शेतात भाकर घेऊन जातेस ना, बाळ?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"मग दगड पहिल्यापासून कुठं होता ते तू सांगू शकतेस. लहान मुलीच्या बोलण्यावर साहेब विश्वास ठेवतात. घाबरायचं नाही, पाहिलंय तेच सांगायचं."

मी अप्पांकडं पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. परतीच्या एसटीत त्यांनी मला पेरू घेऊन दिला. मी तो हातात धरून बसले, खाल्ला नाही. पाहिलंय तेच सांगायचं, हे वाक्य मला पुढचे कित्येक दिवस भाकरी मोडतानासुद्धा ऐकू येत होतं.

आता गयाबाईचं सांगते. आमच्या गावात बांगड्या भरायला येणारी ही कासारीण मूळची मुखेडची. नवरा गेल्यावर दिरांनी राहत्या घराचा वाद काढला आणि तो नांदेडच्या कोर्टात गेला. गयाबाई दर तारखेला जायची आणि नाव पुकारेपर्यंत व्हरांड्यात बसायची. मोकळं बसण्यापेक्षा बरं म्हणून तिनं टोपली बरोबर न्यायला सुरुवात केली. तारखेला आलेल्या बायकांना ती बांगड्या भरायची. तिचं लेकरू त्या व्हरांड्यात रांगलं, तिथंच चालायला लागलं आणि पुढं मिसरूड फुटल्यावर तिथंच आईची टोपली उचलायला लागलं. निकाल लागला तेव्हा घर तिचं ठरलं, पण तोवर घराची भिंत पडली होती आणि भांडणारे दोन दीर वारले होते. ती ते घर तसंच सोडून आमच्या गावात बहिणीजवळ येऊन राहिली. "जिंकले," ती सांगायची, "पण कुणासंगं जिंकले ते सांगायला कुणी उरलं न्हाई."

ती प्रत्येक घरात शिरायची, माळवदाच्या मोठ्या घरात आणि वेशीबाहेरच्या झोपडीतही, आणि तास तास बायकांचे हात हातात घेऊन बसायची. हात धरलेल्या माणसाशी बाई खोटं बोलत नाही, असं तिचं म्हणणं. हळूहळू ती भांडणं मिटवायला लागली. सासू-सुनेची, मग भावाभावांची, मग बांधाची. पुरुष आधी हसले. नंतर तिला घरी बोलावू लागले, आणि बोलावलेलं कुणाला कळू नये म्हणून बायकोला बांगड्या भरायच्यात असा निरोप धाडायला लागले. ती दंड लावायची नाही, कुणाला वाळीत टाकायला सांगायची नाही, जेवणावळ मागायची नाही. जातीच्या पंचांनी माणसं कशी चिरडली तेही मी त्याच गावात पाहिलंय, म्हणून हा फरक मुद्दाम लिहिते. आणि एक गोष्ट ती मिटवायला साफ नकार द्यायची. आमच्या गल्लीतल्या एकीला नवरा मारायचा. घरच्यांनी गयाबाईला बोलावलं, तर ती म्हणाली, "मार खाणाऱ्या बाईची तडजोड करायची नसते." आणि त्या बाईला घेऊन सरळ ठाण्यावर गेली.

लातूरहून आल्यावर चारेक दिवसांनी ती आमच्याकडं आली. माझ्या हातातल्या बांगड्या घट्ट झाल्या होत्या. परसात बसून तिनं माझा हात हातात घेतला, बोटं मिटवून तळवा दाबत राहिली.

"हात ढिला सोड की," ती म्हणाली. "लाकूड धरल्यावानी झालाय."

मी सोडायचा प्रयत्न केला. दोन बांगड्या पिचल्या.

"नंदा, काय झालंय?"

मी सगळं सांगितलं. दगड, पहार, लातूर, वकील. गयाबाईनं काचेचे तुकडे गोळा केले आणि पदरात बांधले.

"हे मला सांगितलंस, बरं केलंस," ती म्हणाली. "आता मी विसरले. हे कुणाला सांगायचं तुझं काम न्हाई, माझं बी न्हाई. तुझ्या अप्पाचं हाय."

"पण अप्पा सांगत न्हाईत."

"त्यांना सांगायला जागा कुठं हाय? कोर्टात सांगितलं तर हरले, गावात सांगितलं तर गेले. सांगायला जागा करावी लागती."

मला तेव्हा ते कळलं नाही. मला वाटलं होतं, आता ती काकांना जाऊन सांगेल आणि एकदाचं सुटेल. तिच्या हातात एवढी मोठी गोष्ट असताना तिनं ती वापरली नाही, याचं मोल कळायला मला आयुष्यातली बरीच वर्षं लागली.

पुढचे आठ दिवस ती दोन घरांमध्ये जा-ये करत होती. अप्पांना ती म्हणाली, "मी निकाल देत न्हाई. मला अंगठ्याबगर काही येत न्हाई, निकाल कसला देऊ? तुम्ही दोघं बोला, मी नुसती बसते. न्हाई पटलं तर कोर्ट कुठं पळून जायलंय?" पलीकडं काकांना काय म्हणाली ते भिंतीतून मी स्वतः ऐकलं. "बसवंतअप्पा, तुम्ही जिंकाल बी. पण कमलच्या डोक्यावर अक्षता टाकायला तिचा सख्खा चुलता मांडवात नसंल. ते चालतंय का, तेवढं सांगा." काका नुसते खोकले. मग काकू म्हणाली, "सांगा की. इचारायल्यात त्या."

बैठक सकाळी, विहिरीवर बसली. गयाबाईनं जागा तीच धरली, आणि दोन्ही घरच्या बायका हव्यात असाही हट्ट धरला. पाणी बाया वाहतात, तर त्या बसतील, असं तिचं म्हणणं. म्हणून अव्वा होती, काकू होती, कमल आणि मीही. बोरीच्या सावलीत घोंगडी टाकली होती. गयाबाईनं आधी दोन गोष्टी कबूल करून घेतल्या. इथं बोललेलं इथंच राहील, कोर्टात कुणी न्यायचं नाही. दोघा भावांनी महादेवाची शपथ घेतली. दुसरी गोष्ट ऐकून मात्र दोघंही चमकले. आपलं गाऱ्हाणं कुणीच सांगायचं नाही. दुसऱ्याचं सांगायचं, आणि ते दुसऱ्याला पटेपर्यंत सांगायचं.

"हे कसलं?" काका म्हणाले.

"बघा तर करून," गयाबाई म्हणाली. "तुम्ही धाकटे, तुम्ही आधी. थोरल्याचं काय दुखतंय?"

काका घसा खाकरून म्हणाले, "त्याला पाणी पाहिजे."

"न्हाई," अप्पा म्हणाले.

"त्याला बोअरमधी वाटा पाहिजे."

"न्हाई."

काका चिडले. गयाबाई घोंगडीचा दोरा ओढत बसली होती, तिला कसलीच घाई नव्हती. काकांनी अव्वाकडं पाहिलं, खाली पाहिलं, आणि या वेळी हळू बोलले. "वैनी दवाखान्यात होत्या. तवा मी बोअर मारला. त्याला इचारलं न्हाई. आन पाणी लागल्यावर पारावर म्हणलो, थोरल्याला बायकोची सेवा करू द्या, विहीर मी बघतो. लोक हसले." ते थांबले. "त्याला ते कळलं असंल."

अप्पांनी मान हलवली. अव्वानं पदर तोंडाला लावला. ती दवाखान्यात असतानाची ही गोष्ट तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

मग अप्पांची पाळी आली. अप्पा कमी बोलणारे, पण त्या दिवशी एकेक शब्द जुळवून बोलले. "बसवंताचं म्हणणं असं, की बोअर त्यानं जीव धोक्यात घालून मारला. खडक पडला असता तर मेला असता. पाणी आलं ते त्याच्यामुळं. आन दगड हलला असं तो म्हणतो. मी न्हाई म्हणलो, म्हणून गावात तो लबाड ठरला. कमलच्या सासरचे बी इचारायलेत, की असल्या माणसाच्या घरी सोयरीक..."

"पटलं का?" गयाबाईनं काकांना विचारलं.

"हां," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "हेच. हेच हाय."

"शिवलिंगअप्पा, अजून काही राहिलं का?"

तिनं हे अगदी साध्या आवाजात विचारलं. माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही. तिला सगळं माहीत होतं, आणि तिच्या तोंडाकडं बघून कुणालाच, अप्पांनाही, तसा संशय आला नसता. विहिरीत कबुतरं फडफडत होती. अप्पांनी पाणी मागितलं. काकूनं तांब्या पुढं केला. ते प्याले, तांब्या खाली ठेवला.

"राहिलं," ते म्हणाले. "दगड मी हलवला."

काका ताडकन उठले. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी मुठीत आवळला होता. वर्षभर गावानं त्यांना खोटं म्हटलं होतं, आणि एवढं एक वाक्य लातूरला नेलं असतं तर विहिरीसकट सगळं त्यांचं होतं. शपथ काय, कितीतरी जण मोडतात. मला वाटलं, आता अप्पा संपले, आणि ते माझ्यामुळं.

"बसवंतअप्पा, त्यांना दुसऱ्यांदा सांगायला लावू नका," गयाबाई म्हणाली.

काका उभेच राहिले. शेवटी काकू बोलली, आणि तिनं आवाजही चढवला नाही. "बसा. भावजी बोललेत, आता तुम्ही बी बोला."

काका बसले. टॉवेल परत खांद्यावर टाकून म्हणाले, "मी इचारायला पाहिजे होतं, दादा." त्या वर्षात पहिल्यांदा त्यांनी अप्पांना दादा म्हटलं.

पुढचं तासाभरात ठरलं, कारण खरं काम झालं होतं. पाऊस पडेपर्यंत पिण्याचं पाणी सगळ्या गावाला, मग दोन्हीकडच्या जनावरांना, आणि उरेल ते एक दिवस यांना, एक दिवस त्यांना. गयाबाईला लिहिता येत नव्हतं, म्हणून माझ्या शाळेच्या वहीत मी लिहिलं. तिनं मला दोनदा वाचून दाखवायला लावलं, आणि एके ठिकाणी मी "दगड परत जागेवर ठेवावा" असं लिहिलं होतं, ते खोडायला सांगितलं. "दोघं मिळून ठेवतील, असं लिही," ती म्हणाली. मग दोघा भावांनी पहार लावून तो दगड लोटत आणला. मधे काकांचं बोट चेंगरलं, तर अप्पांनीच त्यावर चिंधी बांधली. त्या दुपारी गावातल्या बायका घागरी घेऊन आल्या तेव्हा मी आणि कमल शेजारी उभं राहून शेंदत होतो. अर्धा तास गेल्यावर कमल म्हणाली, "तुझ्या बांगड्या लई घट्ट झाल्यात गं." तेवढ्यावर आम्ही हसत सुटलो, ते थांबेचना.

पुढं मी शिकले, लातूरलाच नोकरी केली, आणि निवृत्त झाल्यावर तडजोडीच्या कामात काही वर्षं बसले. आता त्याचं शिक्षण मिळतं, प्रमाणपत्र मिळतं. दुसऱ्याचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगायची रीत शिकवणाऱ्या मॅडम आम्हाला ती अगदी नवी म्हणून शिकवत होत्या. मी मुकाट्यानं वहीत उतरवून घेतली. गयाबाई त्याआधी किती तरी वर्षं गेली होती. तिची पद्धत सगळीकडं चालते असं मी म्हणणार नाही. माझ्यासमोर आलेली कितीतरी माणसं शपथ मोडून उठून गेली, आणि काहींचं कोर्टातच जाणं योग्य होतं. पण हातात असलेलं खरं माणसावर न फेकता, त्याला ते स्वतः उचलू देणारं माणूस मी तिच्यानंतर दुसरं पाहिलं नाही. मला स्वतःला ते दोनदाच जमलं.

दावा काढून घ्यायला दोघं भाऊ एकाच एसटीनं लातूरला गेले. माझी साक्ष लागणार नव्हती, तरी अप्पांनी मला बरोबर घेतलं. साहेबांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "तडजोड कुणी घडवली?" दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. काका म्हणाले, "कासारणीनं, साहेब." साहेब हसले नाहीत. "बरं झालं," एवढंच म्हणाले आणि सही केली.

येताना काका पुढच्या बाकावर बसून झोपी गेले. अप्पा आणि मी मागं होतो. लातूर मागं पडलं, दोन्ही बाजूंना काळी, भेगाळलेली रानं सुरू झाली. मग अप्पांनी विचारलं, "नंदा, कोर्टात उभं केलं असतं, तर तू काय सांगितलं असतंस?"

मी उत्तर जुळवत होते. मी खरं सांगितलं असतं, असं मला नंतर आयुष्यभर वाटत आलंय, पण त्या दिवशी एसटीत मला ते माहीत नव्हतं, आणि खरं लिहायचं तर आजही नाही. "मला ठाऊक न्हाई, अप्पा," मी म्हणाले.

अप्पांनी माझा हात हातात घेतला आणि गाव येईपर्यंत सोडला नाही.

"बरं झालं," ते म्हणाले. "ते मला कळायची पाळी आली न्हाई."